ऐकू जाईल असं नाव

कारखान्यात त्यांना सगळे 'परतसांग मुकादम' म्हणायचे. तोंडावर नुसतं मुकादम, पाठीमागं परतसांग. कुणाला काहीही सांगितलं की ते लगेच विचारायचे, "काय सांगितलं मी? परत सांग." हे फक्त कामापुरतं नव्हतं. कॅन्टीनमध्ये "एक चहा, साखर कमी" म्हटल्यावर समोरच्यानं तेच शब्द परत म्हणेपर्यंत ते बाकावर टेकायचे नाहीत. बसमध्ये कंडक्टरकडून "भोसरी एक" असं वदवून घ्यायचे. एकदा एका कंडक्टरनं वैतागून त्यांना नाशिक फाट्यावरच उतरवलं. ते तिथून चालत आले आणि आल्या आल्या मला म्हणाले, "उतरवलान ते चालंल गो. पण त्याला बरोबर ऐकू आलं होतं."

मी त्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होते. चिंचवड आणि भोसरीच्या मधे, लोखंडाचं ओतकाम करणारी ती कंपनी. चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर साल असेल. माझे वडील पिंपरीत फिटर होते. अकरावीनंतर त्यांनीच मला ऑपरेटरच्या कोर्सला घातलं होतं. ऑफिसच्या एका कोपऱ्यात काचेची खोली, त्यात बोर्ड, पन्नास लाइनी, आणि डोक्याला हेडफोन लावून मी. सगळ्या कारखान्यात आम्ही तीनच बायका होतो.

मुकादमांचं काम क्रेनचं. फाउंड्रीत भट्टीतून वितळलेलं लोखंड एका मोठ्या डोलचीत घेतात. तिला लॅडल म्हणतात. ती डोलची क्रेननं उचलून साच्यांपर्यंत न्यायची आणि हळूहळू ओतायची. क्रेनवाला वर केबिनमध्ये, मुकादम खाली. ते हातानं खुणा करायचे आणि तोंडानं दोन शब्द ओरडायचे. 'हाबेस' म्हणजे उचल, 'आरिया' म्हणजे खाली सोड. हे शब्द त्यांनी बंदरातून आणले होते. तरुणपणी ते तिथं खलाशी होते.

कारखान्यात सगळ्यांची खात्री होती की बंदरावर काहीतरी भयंकर घडलं असणार. कुणी म्हणे त्यांचा भाऊ मालाखाली सापडला, कुणी म्हणे त्यांच्याच चुकीच्या हाकेनं एक माणूस गेला. एकदा ते कामगारांच्या रजेचे कागद घेऊन माझ्या खोलीपुढच्या काउंटरवर आले होते, तेव्हा मी धीर करून विचारलं, "मुकादम, पूर्वी खरंच काय झालं होतं हो?"

"कुठं?"

"बंदरावर."

"काय नाय झालं," ते म्हणाले. "तिथं नाय आणि हितंपण नाय. बावीस वर्षांत कोणाच्या नखाला लागलं नाय. होऊ दिलं नाय, म्हणून झालं नाय."

असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान नव्हता. उलट एवढी वर्षं काही झालं नाही याचीच त्यांना धास्ती वाटत असावी. त्यांची एक पापणी सतत उडायची. घरी बायकोनं दिवा मालवला की तीन वेळा विचारायचे, स्टोव्ह बंद केलास ना, असं त्यांच्या शेजारी राहणारा आमचा टाइमकीपर सांगायचा.

त्या वर्षी थंडीत फाउंड्रीत एक कुत्री आली. ओतकाम झाल्यावर साच्यांची रेती तासन्‌तास गरम राहते. तिला ती जागा सापडली. तपकिरी रंगाची, एक कान दुमडलेली, फार तर वर्षाची असेल. मुकादमांनी तिला दोनदा हाकललं. तिसऱ्यांदा चाकणला माल घेऊन निघालेल्या ट्रकमध्ये बसवून दिलं, कांद्याच्या बाजारात सोड म्हणून. ड्रायव्हर संध्याकाळी तिला घेऊनच परत आला. "उतरतच न्हाई ओ. शिटावर बसली ती बसली. म्या काय तिला ढकलून देऊ?"

मग कामगारांनी तिला ठेवूनच घेतली, आणि ज्याला जे सुचेल ते नाव त्यानं ठेवलं. भट्टीवाले राणी म्हणायचे, रेतीवाले चिंगी. तुकाराम म्हणून भोसरीचा एक मोल्डर होता, साचे भरणारा. तो तिला स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकर घालायचा. त्यानं कुठल्याशा सिनेमातून 'प्रिया' नाव आणलं होतं. चार जण चार नावांनी हाका मारायचे आणि ती कुत्री लॅडलच्या वाटेत मधेच थांबून, कुणाकडं जावं म्हणून मान वळवत राहायची.

मुकादमांची झोप उडाली ती तेव्हापासून.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत माझ्या बोर्डावर फाउंड्रीचा दिवा लागला. फोनवर ते कधीच हॅलो म्हणत नसत. "बाई, मी बोलतोय. मागं भट्टीला हवा मारणारा ब्लोअर चालू हाय. आता मी एक नाव घेतो. तुला काय ऐकू आलं ते सांग."

लाइनवर नुसती घरघर. त्यातून कुणीतरी लांबून ओरडल्यासारखं आलं.

"पाणी?" मी म्हटलं.

मग ते म्हणाले, "राणी म्हटलं मी." आणि थोड्या वेळानं, "गो बाई, भट्टीजवळ कोणी पाणी म्हणून धावला आणि एक थेंब जरी त्या लोखंडात पडला, तर छप्पर उडंल."

दुसऱ्या दिवशी परत. आमच्या जुन्या लाइनीवर ब्लोअरच्या आवाजात जसं ऐकू येतं, तसंच वर केबिनमध्ये क्रेनवाल्याला ऐकू येतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून माझे कान. कुत्रीला एकच नाव पाहिजे, सगळ्यांनी तेच घ्यायचं, आणि ते फाउंड्रीतल्या कुठल्याही हुकमासारखं ऐकू येता कामा नये. मी कॉलच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर यादी करायला लागले, तारीख घालून. डावीकडं ते म्हणायचे ते नाव, उजवीकडं मला ऐकू आलेलं. चिंगी, ठिणगी. लाली, खाली. सोनी, सोड. मैना म्हटलं तर मला 'ये ना' ऐकू आलं. मी हसू दाबत होते. ते मात्र घाबरले होते, कारण पाच टनांच्या क्रेनखाली कुणी 'ये ना' ऐकून पुढं आला तर?

"आता हे ऐक," एके दिवशी ते म्हणाले. घरघरीतून आवाज आला, आणि मी विचार न करता म्हटलं, "आरिया."

"काय ऐकलंस? परत सांग."

"आरिया. हाच तुमचा शब्द ना?"

"ए प्रिया म्हटलं मी," ते म्हणाले. आवाज पार उतरला होता.

त्याच दिवशी त्यांनी फाउंड्रीत ते नाव बंद केलं. लोक हसले. तुकाराम म्हणाला, "मुकादम, कुत्रीला काय कळतंय ते? तिला सवय झालीय." त्यानं मान डोलावली खरी, पण जिभेला लागलेली सवय अशी एका दिवसात सुटते का?

इकडं माझ्यामागं वेगळंच लागलं होतं. रोज जेवणाच्या सुट्टीत फाउंड्रीतून ऑपरेटरबाईला फोन येतो, ही बातमी स्टोअरपासून गेटपर्यंत गेली होती. मी बावीस वर्षांची, लग्न व्हायचं होतं. मुकादम पन्नाशीचे. तरी लोकांना तेवढं पुरत होतं. टायपिस्टबाई एकदा म्हणाल्या, "अगं, कुत्रीचं नाव हे निमित्त चांगलंय." मी हसले, पण त्या दिवशी डबा उघडला नाही. घरी कळलं तर काय, हा विचार डोक्यातून जाईना. मुकादमांना सांगावं की आता फोन करू नका, असं रोज ठरवायची. दिवा लागला की त्यांच्या आवाजातली काळजी ऐकून सांगणं व्हायचं नाही.

एकदा ते म्हणाले, "बाई, तुझंपण नाव घेऊन बघितलं मी. भट्टीजवळ उभा राहून. एकदम साफ ऐकू जातं, कशाशी जुळत नाय."

मी ते नाव यादीत लिहिलं नाही.

"ठेवणार नाय," ते घाईनं म्हणाले. "तुझं हाय ते."

पण दुसऱ्या कुणीतरी ठेवलंच. दोन दिवसांनी फोन चालू असताना मागून एक हाक ऐकू आली. माझं नाव. मग शिट्टी, मग "भाकर खाती का गं?" आणि बरेच जण हसले. माझे कान तापले. मुकादमांनी फोन ठेवून दिला.

पाच मिनिटांत काचेतून मला ते दिसले. एका दांडगट माणसाच्या दंडाला धरून त्याला ऑफिसच्या पायरीपर्यंत आणलं होतं. मुकादम त्याच्या खांद्यालाही येत नव्हते.

"आत बाई बसलेय," ते त्याला म्हणाले. "तुला तिला हाक मारायची हाय ना? मार. हितनं साफ ऐकू जाईल."

तो माणूस खाली बघत उभा राहिला. अख्खं ऑफिस उठून खिडकीशी आलं होतं. "चुकलं, मुकादम," तो पुटपुटला. मुकादम म्हणाले, "मला ऐकू नाय आलं." तेव्हा तो काचेकडं बघून मोठ्यानं म्हणाला, "चुकलं, बाई."

मला तेव्हा बरं वाटायला हवं होतं. पण खिडकीशी उभ्या असलेल्यांत आमचे मॅनेजरसाहेबही होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मला बोलावलं. कंपनीच्या लाइनवर काय चाललंय, म्हणाले. मी सांगितलं. ऐकताना त्यांचं तोंड वाकडं होत गेलं. "त्या मुकादमाला बोलवा. आत्ता."

मी बोर्डावर येऊन फाउंड्री लावली.

"आत्ता?" मुकादम म्हणाले. "लॅडल भरतोय बाई. अर्ध्या तासानं येतो म्हणून सांग."

मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "आत्ता म्हणजे आत्ता." मी तेही मुकादमांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं."

ते साहेबांपुढं उभे राहून प्रिया आणि आरिया समजावत होते, तेव्हा माझ्या बोर्डावर फाउंड्रीचा दिवा लागला. मी खटका दाबला तर बोलणं नव्हतंच, नुसता आरडाओरडा. कुणीतरी रिसीव्हर हातात धरून "पाय, पाय" म्हणत होतं. मी उठून साहेबांचं दार न ठोठावता उघडलं. माझ्या तोंडाकडं बघूनच मुकादम धावत सुटले.

घडलं ते असं. मुकादमांच्या जागी खाली खुणा करायला दुसरा माणूस उभा होता. लॅडल भरून वर लटकत होतं, साच्यांच्या रांगेवर पोचलं नव्हतं. कुत्री रेतीतून उठून आळोखेपिळोखे देत बरोबर त्याच्याखाली आली. तुकारामानं ती बघितली आणि घाबरून ओरडला, "ए प्रियाऽ!" वर केबिनमध्ये गुलाबभाऊ म्हणून क्रेनवाला होता. त्यानं डोलची खाली सोडली. ती वाटेतल्या एका साच्याच्या पेटीवर आपटली, कलली आणि लोखंड सांडलं. तुकाराम मागं उडी मारता मारता पडला. त्याचा डावा बूट जळाला. बुटाबरोबर दोन बोटं गेली.

मी दवाखाना लावला, कंपनीची जीप गेटवर मागवली, तुकारामाचा भाऊ कामाला होता त्या कारखान्यात निरोप दिला. एकही लाइन चुकली नाही. पण मुकादमांना बोलावणारा फोन मी केला होता. मी साहेबांना सांगू शकले असते, ओतायची वेळ आहे, थांबा.

संध्याकाळी गेटवर मुकादम भेटले. मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, "बाई, ह्यात तुझं काय नाय. जागा मी सोडली. सायबाला नाय म्हणता आलं असतं मला." त्यांची पापणी उडत नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदाच ती शांत होती, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

चौकशी बसली. गुलाबभाऊला घरी बसवलं. तो एकच सांगत होता, "मला आरिया ऐकू आलं." सगळे सांगत होते, आरिया कुणी म्हटलंच नाही. दवाखान्यातून तुकारामानंही लिहून दिलं की मी कुत्रीला हाक मारली होती. साहेब म्हणाले, प्रिया आणि आरिया यांत काय साम्य आहे? मुकादमांनी सांगून बघितलं. पण त्यांचं बोलणं कोण मनावर घेणार? चहा दोनदा वदवून घेणारा माणूस तो. गुलाबभाऊला काढून टाकायचं जवळजवळ ठरलं. हे सगळं मला कळत होतं, कारण सगळं माझ्याच बोर्डावरून बोललं जात होतं.

दोन दिवस मी ते रजिस्टर उघडत आणि मिटत राहिले. त्यातलं शेवटचं पान दाखवायचं म्हणजे कारखानाभर झालेली कुजबुज मी स्वतःच्या हातानं कागदावर मांडून द्यायची. आणि नोकरी गेली तर घरी काय सांगायचं? तिसऱ्या दिवशी गुलाबभाऊची बायको गेटवर येऊन बसली. वॉचमननं तिला उठायला सांगितलं तरी उठली नाही. मी रजिस्टर घेतलं आणि चौकशीच्या खोलीत गेले.

"साहेब, हे अपघाताच्या बारा दिवस आधीचं आहे," मी म्हटलं. "प्रिया म्हटलेलं. मला ऐकू आलेलं, आरिया. मला तर कुत्री दिसतही नव्हती."

साहेबांनी पान वरपासून खालपर्यंत वाचलं. मैनेपाशी थोडे थांबले. मग म्हणाले, "असं कसं होईल?"

"लाइन जोडून देते. तुम्हीच ऐका."

मी फाउंड्री जोडली. तिथल्या एकाला सांगितलं, ब्लोअर चालू ठेव आणि लांबून कुत्रीला हाक मार, तुकाराम मारायचा तशी. साहेबांनी रिसीव्हर कानाला लावला. मला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. त्यांनी "परत मार" म्हटलं, परत ऐकलं, आणि रिसीव्हर ठेवून माझं रजिस्टर स्वतःकडं ओढलं.

गुलाबभाऊ कामावर परत आला. मला लेखी ताकीद मिळाली, कंपनीची लाइन आणि रजिस्टर खासगी कामासाठी वापरल्याबद्दल. तो कागद मी घरी वडिलांपुढं ठेवला आणि सगळं सांगितलं, कुजबुजीसकट. त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला.

"त्या क्रेनवाल्याची नोकरी राहिली का?"

"राहिली."

"मग हा कागद नीट ठेव," ते म्हणाले आणि जेवायला बसले.

कुत्री आठवडाभर दिसली नाही. मग आली, पाठीवर जळाल्याचा पट्टा घेऊन. निम्मे लोक म्हणाले, हाकला. मुकादम म्हणाले, "रेती गरम हाय तोवर कुत्री येणार. ही गेली तर दुसरी. नावच पायजे." पण आता त्यांना कुठलंच नाव धड वाटेना. कुठल्याही दोन अक्षरांत त्यांना एखादा हुकूम दडलेला दिसायचा. माझ्या काउंटरशी येऊन नुसते उभे राहायचे. वजन उतरलं होतं.

"तुमच्या गावाकडं कशी हाक मारतात?" एकदा मी सहज विचारलं. "लांबच्या माणसाला?"

"खाडीपलीकडं?" ते म्हणाले. "शब्द नाय पोचत गो पाण्यावरनं. नुसता कुकारा घालायचा. कूऽऽ." एवढं म्हणून ते थांबले. काउंटरवर ठेवलेला हात तसाच राहिला. "कू," ते परत म्हणाले, अगदी हळू, जणू जोरात म्हटलं तर बिघडेल.

दुपारी फोन आला. मला घरघरीतून जे ऐकू आलं ते मी सांगितलं. मग त्यांनी भट्टीवाल्यांना म्हणायला लावलं, रेतीवाल्यांना म्हणायला लावलं, गुलाबभाऊला वर चढवून ऐकायला लावलं. सगळ्यांना तेच ऐकू आलं, कू, आणि कुत्रीचं नाव तेच ठरलं.

तरी त्यांचं समाधान नव्हतं. चार दिवसांनी ते साहेबांच्या परवानगीची चिठ्ठी घेऊन माझ्या खोलीत आले. "सगळे पुरुषांचे आवाज झाले. बाईमाणसाचा आवाज त्या कुत्रीला कळला पायजे. उद्या तुम्ही कोणी आत आलात आणि ती मधे असली तर?"

तीन वर्षांत मी फाउंड्रीत कधी पाऊल ठेवलं नव्हतं. दाराशीच उष्णतेनं तोंड भाजलं. ब्लोअरच्या आवाजात स्वतःचा श्वासही ऐकू येत नव्हता. रिकामं लॅडल वर लटकत होतं, खाली साच्यांच्या रांगा, आणि त्यांच्या मधोमध ती कुत्री पसरली होती. पन्नास-साठ माणसं हातातलं काम थांबवून माझ्याकडं बघत होती. तो दांडगट माणूसही त्यांत होता. तुकाराम नुकताच कामावर आला होता. तो पाय लांब करून स्टुलावर बसला होता.

मुकादमांनी तोंड माझ्या कानाशी आणलं. "मार हाक."

मी मारली. ती मलाच ऐकू आली नाही. माझी सगळी नोकरी हळू बोलण्याची.

"मोठ्यानं, बाई. पोटातनं."

मी डोळे मिटले, पोटात हवा भरली आणि ओरडले. इतक्या मोठ्यानं मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते. घरात नाही, वस्तीत नाही, कुठंच नाही. तो आवाज पत्र्याला जाऊन आपटला. डोळे उघडले तेव्हा कुत्री उठून उभी राहिली होती. तिनं दुमडलेला कान हलवला, डावीउजवीकडं कुणाकडं बघितलं नाही, आणि साच्यांच्या रांगेतून सरळ चालत माझ्यापर्यंत आली. माझ्या चपलेवर पाठ टेकून बसली.

कुणी हसलं नाही. मुकादमांनी मोकळ्या झालेल्या जागेवरून एकदा नजर फिरवली, वर गुलाबभाऊकडं बघितलं आणि खुणेचा हात उचलला.